प्रतिसादाचा रकाना

बावन्न सेकंद झाले तरी वर्गात कुणी तोंड उघडलं नाही, तेव्हा मी वहीत 'वर्ग मंद' असं लिहिलं आणि पुढे निघाले. खरं तर साठपर्यंत थांबायचं हा माझाच नियम. पण ऑफिसातल्या क्लार्कबाई जिन्यावरून हाक मारत आल्या, मुख्याध्यापिका मोकळ्या झाल्यात म्हणाल्या, आणि मी खिशातल्या खिशात स्टॉपवॉचचं बटण दाबलं. आवाज बाहेर न येऊ देता ते बटण दाबणं ही आठ वर्षांत कमावलेली माझी एकुलती एक कला. दारातून मला दिसल्या होत्या त्या फळ्याजवळ उभ्या विज्ञानाच्या बाई, चक्क खिडकीबाहेर बघत असलेल्या, आणि मुलांच्या पंधरा-वीस पाठी. उरलेला वर्ग दाराजवळच्या लोखंडी कपाटाआड गेला होता. प्रश्न काही अवघड नव्हता. लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो, मग लोखंडाचं जहाज का बुडत नाही? त्यावर एक हात वर नाही, कुजबुज नाही, सगळे मूग गिळून बसलेले. एक मुलगा तर बेंचवर कोरलेलं काहीतरी नखाने खरवडत होता आणि बाईंना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला त्या बाईंची कीव आली आणि वर्गाचा राग. राग जरा जास्तच आला, कारण या शाळेकडून मी मनातल्या मनात काहीतरी मागायला आले होते आणि ते मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं.

माझं काम शाळा बघण्याचं. आमचं ऑफिस म्हणजे तीन टेबलं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि त्याहून कुरकुरणारे संपादक. शहरातल्या शाळांची एक मार्गदर्शिका आम्ही दरवर्षी काढतो, आणि मुलाला कुठे घालायचं या चिंतेने झोप उडालेले आईबाप ती वाचतात. बघण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी मुलींची स्वच्छतागृहं, मग पिण्याच्या पाण्याचा नळ, मग ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याची वही, तिच्यावर धूळ आहे का ते. मग कॉरिडॉर. शितावरून भाताची परीक्षा करायची असते, अख्खं पातेलं कोण उपसणार? निकाल, मैदान, प्रयोगशाळा हे रकाने माझ्या आधीपासून होते. 'प्रतिसाद' हा रकाना मात्र माझा. शिक्षकाने प्रश्न विचारल्यापासून पहिलं उत्तर येईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचं आणि दहा वर्गांची सरासरी काढायची. पाचाच्या आत असेल तर 'चटपटीत', वीसच्या पुढे 'मंद'. संपादक त्या वेळी इतके खूश झाले होते की त्यांनी स्वतः उठून मला चहा आणून दिला. म्हणाले, आकडा दिसला की माणसाचा विश्वास बसतो. बसला खरा. दुसऱ्याच वर्षी शाळांनी वर्गाच्या दारावर नजर ठेवायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या वर्षी तर मी दिसले रे दिसले की बाईंचा प्रश्न संपायच्या आत दहा-पंधरा हात वर जायचे. त्यातली निम्मी उत्तरं कशाचीच नसायची. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण रकान्यात आकडा भरायचा होता आणि आकडा चांगला येत होता.

दिव्याखाली अंधार असतो, तसा आमच्या घरी होता. आमची ठकी बारा वर्षांची आहे. ठकी हे घरातलं नाव, ती बाहुलीएवढी होती तेव्हाचं. ती बोलताना अडखळते. शब्द येतो, ओठांपर्यंत येतो, हनुवटी वर जाते, गळ्याची शीर ताठ होते, आणि तिथेच सगळं थांबतं. ती आता आहे ती शाळा मी निवडली. माझ्या वहीवरून, माझ्या आकड्यावरून. सरासरी तीन पूर्णांक एक सेकंद, शहरात दुसरा क्रमांक. तिथे ठकी एकच गोष्ट चटपटीत म्हणायला शिकली, 'माहीत नाही'. हे दोन शब्द तिच्या तोंडात कधी अडकत नाहीत. उत्तर येत असो, नसो, ती उभी राहायची, माहीत नाही म्हणायची आणि बसायची. सहावीत तिच्या प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात मागे' असा शेरा आला. सातवीत तिने उभं राहणंही सोडलं. घरी तेच. जेवायला काय करू? माहीत नाही. फिरायला येतेस? माहीत नाही. सातवीनंतर ती शाळा संपते आणि येत्या शुक्रवारपर्यंत पुढच्या शाळेचा अर्ज भरायचा आहे. तिच्या वर्गशिक्षिकेने मला बाजूला घेऊन अगदी मायेने सांगितलं, तिला बोलावं लागणार नाही असं एखादं ठिकाण बघा. चष्म्याच्या दुकानात काम करणारा माझा नवरा म्हणाला, वर्षभर घरीच ठेवू, मी दुपारी लवकर येत जाईन. आम्ही ठकीला विचारलं. तिने कागद ओढला आणि लिहिलं, 'चालेल'. 'माहीत नाही' नव्हे, 'चालेल'. त्या शब्दाने मला जेवढं लागलं तेवढं आजवर कशानेच लागलं नव्हतं. बारा वर्षांच्या पोरीला घराबाहेरचं सगळं जग सोडून देणं चालेल कसं?

मुख्याध्यापिका साध्या निघाल्या. टेबलावर फुलदाणी नाही, भिंतीवर ढाली नाहीत. स्वच्छतागृहातल्या दोन कड्या तुटल्या आहेत असं मी म्हटल्यावर त्यांनी, दोन नाही, चार, असं म्हणून मलाच दुरुस्त केलं. ग्रंथालय आठवड्यातून तीनच दिवस उघडतं. प्रयोगशाळेतलं एक बेसिन वर्षभर तुंबलंय. गणिताचा निकाल बेताचा. हे सगळं मी लिहून घेतलं आणि त्या लिहू देत होत्या, मध्ये मध्ये शब्द सुचवत होत्या. माझ्यासमोर एवढ्या निवांत बसलेल्या मुख्याध्यापिका मी पाहिल्या नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलं आहेत? मी म्हटलं, एक मुलगी आहे, सातवीत. कुठे घालताय? माझे कान तापले. शहरातल्या एकशे बारा शाळांबद्दल जगाला सांगणारी बाई मी, आणि म्हणाले, अजून ठरलं नाही. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. वर्ग बघितलेत का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी माझी पद्धत सांगितली, की आम्ही दारातूनच बघतो, आत गेलं की वर्ग बिघडतो, आणि मघाचा विज्ञानाचा वर्गही तसाच बघितला.

"दारातून पाठी दिसतात," त्या म्हणाल्या. "आज त्या वर्गाला विज्ञानाचे दोन तास लागोपाठ आहेत. जाऊन बसा मागे. बिघडला तर बिघडला."

म्हणून मी त्याच वर्गात, शेवटच्या बेंचवर, गुडघे वर येतील अशी अवघडून बसले. पोरांनी एकदा वळून बघितलं आणि माझ्यात काही राम नाही असं ठरवून तोंडं फिरवली. खिशात हात गेला आणि स्टॉपवॉच हाताला लागलं. ते माझ्या वडिलांचं. वडील मैदानावर धावपटूंना शिकवायचे, आणि ते घड्याळ त्यांच्या गळ्यात असायचं तसं ते घरीही यायचं. दात घासायला किती, बुटांच्या नाड्या बांधायला किती, सतराचा पाढा म्हणायला किती. ते कधी रागावले नाहीत. नुसतं काट्याकडे बघायचे, आणि काल बेचाळीस होते, आज चाळीस, असं झालं की डोळे बारीक करून हसायचे. त्या हसण्यासाठी मी काय वाटेल ते पटपट केलं असतं, आणि केलंही. आमच्या घरात थांबणं म्हणजे हरणं होतं. लग्नानंतर नवऱ्याने मला एकदाच सुनावलं होतं, की तू माझी वाक्यंसुद्धा धावत जाऊन पुरी करतेस. ठकीची तर मी करतेच. तिचा शब्द अडला की मी पुढे: पाणी? पेन्सिल? पोट दुखतंय? मला ती मदत वाटायची. वडिलांचं मात्र ठकीच्या बाबतीत वेगळंच चाललं होतं आणि ते तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी ते दोघं गॅलरीत बसायचे, आणि तिथून तासतासभर आवाज यायचा नाही, मग एखादं वाक्य, मग पुन्हा काही नाही. एके दिवशी त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं. म्हणाले, घे, मला आता लागत नाही. मला वाटलं, म्हातारे झाले.

बाई फळ्यावर जहाजाचं चित्र काढत होत्या, तळ बराच वाकडा. मघाचाच प्रश्न त्यांनी पुढे नेला, जहाज पोकळ असतं इथपर्यंत आपण आलो, पण पोकळ डबासुद्धा भोक पडलं की बुडतो, मग समुद्रात एवढं वजन उचलतं कोण? कपाटाच्या बाजूला, दारातून मला दिसलीच नसती अशा जागी, एक उंच मुलगी उभी राहिली. बाह्या आखूड झालेल्या, मनगटं बाहेर. आणि वर्ग गप्प झाला. सवयीने माझं बोट बटणावर गेलं आणि मी मोजायला लागले. पाच. दहा. मग मला तिची हनुवटी दिसली. वर गेलेली. गळ्याची शीर दिसली. आता कुणीतरी हसेल, मला वाटलं, आता कुणीतरी तिचं वाक्य पुरं करेल, आता बाई म्हणतील, बरं बरं, बस बाळ. पंधरा. वीस. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पुढचा एक मुलगा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. मघाचा तो बेंच खरवडणारा, पुन्हा खरवडत होता. एकही हात वर नव्हता. कुणी तिच्याकडे वळून, सहानुभूतीने, डोळे मोठे करून बघतसुद्धा नव्हतं. प्रत्येकाने आपापल्यापुरतं काहीतरी छोटं काम शोधलं होतं आणि सगळे मिळून थांबले होते. मघाशी दारात उभं राहून, वर्ग मंद, असं मी ज्याला म्हटलं ते हे होतं. उंटावरून शेळ्या हाकत मी आठ वर्षं शहरभर फिरले होते.

त्या शांततेत मला हॉस्पिटलमधले वडील आठवले. आठवायला नको होते, पण आले. शेवटच्या आठवड्यात त्यांची वाचा गेली होती, म्हणजे पूर्ण गेली नव्हती, यायला वेळ लागत होता. एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओठ हलवायला लागले. मी म्हटलं, पाणी? त्यांनी मान हलवली, नाही. उशी? नाही. डॉक्टरांना बोलावू? खिडकी लावू? ठकीला आणू? एकामागून एक, एकामागून एक. मला घाबरायला झालं होतं आणि घाबरले की मी वेग वाढवते. शेवटी मी पुन्हा पाणी म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली. मी धावत जाऊन पेला आणला. त्यांनी दोन घोट घेतले, डोळे मिटले. त्यांना पाणी नको होतं. माझं समाधान व्हावं म्हणून ते पाणी प्यायले, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि सहा वर्षं मी ते कळलं नाही असं धरून चालले होते. ते काय म्हणणार होते? मी तिथे नुसती बसून राहिले असते, एक मिनिट, दोन मिनिटं, तर कळलं असतं. एवढंच करायचं होतं आणि तेवढंच मला येत नव्हतं.

"समुद्राचं पाणी," ती उंच मुलगी म्हणाली, आणि पुन्हा अडली, आणि पुन्हा सगळे थांबले, "खारट असतं म्हणून."

बाईंनी खिडकीवरून नजर वळवली. "मग ते नदीत बुडायला हवं," त्या म्हणाल्या. "चूक. बस."

वर्ग हसला. मोकळेपणाने, कुणाचंही उत्तर असं सपशेल आपटल्यावर हसावं तसं. आणि ती मुलगीही हसली, कपाळावर हात मारून घेतला आणि बसली, आणि शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. मी हसले नाही, कारण माझे डोळे भरून आले होते आणि शेवटच्या बेंचवर रडणारी पन्नाशीकडे झुकलेली बाई ही वर्ग बिघडवायला पुरेशी गोष्ट आहे. बरोबर उत्तरासाठी कोणीही थांबेल. चुकीच्या उत्तरासाठी एवढा वेळ थांबायचं, आणि मग ते चूक आहे असं तोंडावर सांगायचं! ठकीला आजवर कुणी चूक म्हटलेलं नव्हतं. चुकायला आधी वाक्य पुरं व्हावं लागतं. दोन मिनिटांनी पुढचा प्रश्न आला आणि ती मुलगी पुन्हा उभी राहिली. स्टॉपवॉच खिशात चालूच होतं. मी ते बंद केलं, आकडा न बघता.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी बाईंना विचारलं, की हे तुम्ही कसं शिकवलंत? बाई डब्याचं झाकण उघडण्याच्या खटपटीत होत्या. मी कशाला शिकवीन, म्हणाल्या. ही मुलगी आली तेव्हा पहिला महिनाभर सगळी पोरं तिला शब्द पुरवायची, मीसुद्धा. एके दिवशी ती उठली, फळ्याशी गेली आणि खडूने लिहिलं, माझं वाक्य मला पुरं करू द्या. बस्स, तेव्हापासून वर्गाची ही रीत पडली, कोणी ठरवली नाही. ती बोलत असताना तिच्याकडे बघायचं नाही, हेही पोरांनीच शोधून काढलं, बघितलं की ती जास्त अडते. "आणि खरं सांगू का," बाई म्हणाल्या, "ती फार बोलते हो. माझा धडा मागे पडलाय तिच्यापायी." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं आणि मला ती तक्रार इतकी आवडली की मीच त्यांचं झाकण उघडून दिलं.

ऑफिसात परत गेल्यावर मी 'वर्ग मंद' खोडलं. कड्या, बेसिन, गणित, सगळं जसंच्या तसं ठेवलं, त्यात सूट नाही. प्रतिसादाच्या रकान्यात आकडा घातला नाही, 'इथे थांबतात' असं लिहिलं. संपादक चष्म्यावरून बघत राहिले. थांबतात म्हणजे किती सेकंद, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की हा रकाना माझा होता, चुकीचा होता, तो एकशे बाराही शाळांचा काढून टाकायचा आणि मी सगळे वर्ग परत बघणार, आत बसून. ते म्हणाले, तुझं डोकं फिरलंय, वर्ष जाईल. जाईल, मी म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत, आणि त्यांचा नकार फार ठणठणीत असतो हे मला ठाऊक आहे.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. ठकी टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होती, नवरा चष्मा पुसत होता. मी खिशातलं स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं, पर्स खुंटीला अडकवली, आणि त्या दोघांना त्या वर्गाबद्दल सांगायला बसले. खिळ्याचं सांगितलं, वाकड्या तळाच्या जहाजाचं, आखूड बाह्यांच्या मुलीचं, ती कशी उभी राहिली आणि कशी अडली ते. इथे ठकीची पेन्सिल थांबली. तिचं उत्तरही सांगितलं, समुद्राचं पाणी खारट असतं म्हणून. पुढे बाई काय म्हणाल्या ते मी सांगणारच होते, तेवढ्यात ठकीची हनुवटी वर गेली. माझ्या जिभेवर सगळे शब्द येऊन उभे राहिले: कंटाळलीस? भूक लागली? नको का ती शाळा? नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला, जरा जोरातच. टेबलक्लॉथवर एक जुना डाग होता. मी त्याच्याकडे बघत बसले आणि नखाने तो खरवडायला लागले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

"मग न... नदीत," ठकी म्हणाली, "नदीत कसं चालतं?"

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर अडल्याचा त्रास होता, पण त्याहून जास्त त्या उत्तरावरची नापसंती होती, अशी कशी चुकते ही मुलगी, अशी. तिला मागे ठरवणारं ते प्रगतिपुस्तक मला आठवलं आणि त्याला कारण असलेला माझा आकडाही. मी सांगितलं, की तिथल्या बाईही अगदी नदीचंच म्हणाल्या. ठकीने पेन्सिल खाली ठेवली. मग ती? तिने भुवयांनीच विचारलं. हसली, मी म्हटलं, सगळेच हसले, मग बसली, आणि पुढच्या प्रश्नाला परत उभी राहिली. मग मी जे मनात आणायलाही घाबरत होते ते विचारलं, उद्या तो वर्ग बघायला येशील का माझ्याबरोबर? माहीत नाही म्हणायला तिला अर्धा सेकंदही लागला नसता. ती तसं म्हणाली नाही. तिची हनुवटी वर गेली. नवरा हातातल्या चष्म्याकडे बघायला लागला, मी त्या डागाकडे, आणि आम्ही दोघं थांबलो.